ट्रायकेअर, डूला आणि मिडवाइफ: थोडी भर

बऱ्याचदा सांगितलं जातं की अमेरिकन सैन्याच्या ट्रायकेअर विम्यात डूला (बाळंतपणात सोबत करणारी) आणि मिडवाइफ (बाळंतपण करणारी सुईण) दोन्हींचे पैसे मिळतात. अर्धं बरोबर. दोन्हींची गणितं वेगळी आहेत.

मिडवाइफ नर्सिंग शिकलेली, म्हणजे सर्टिफाइड नर्स मिडवाइफ असेल तर ट्रायकेअर देतं. नर्सिंग न करता थेट सुईणपण शिकलेली असेल तर नाही, मग तिनं शंभर बाळंतपणं केलेली का असेनात. घरी बाळंतपण करायचं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी इथेच अडकतात.

डूला म्हणजे कळांमध्ये शेजारी बसून धीर देणारी, कंबर चोळणारी. (आपल्याकडे हे काम आई-मावशी फुकट करतात!) तिचा खर्च १ जानेवारी २०२२ पासून एका प्रायोगिक योजनेतून मिळतो. योजनेची मुदत २०२६ अखेरपर्यंत. निदान वीस आठवडे भरलेले हवेत, ट्रायकेअरचा प्राइम किंवा सिलेक्ट प्लॅन हवा, आणि खरी मेख म्हणजे बाळंतपण लष्करी इस्पितळाबाहेर ठरलेलं हवं. बेसवरच्या इस्पितळात नाव घातलंत तर विसरा.

माझ्या भाचीचा नवरा आर्मीत आहे. तिने तीन डूलांना फोन केले. दोघी म्हणाल्या, "आम्ही ट्रायकेअर घेत नाही." तिसरी तयार झाली, पण तिचं सर्टिफिकेट ट्रायकेअरच्या मान्य यादीतल्या संस्थेचं नव्हतं. शेवटी आमची ताईच सहा महिन्यांच्या व्हिसावर गेली, डिंकाचे लाडू घेऊन. तेव्हा आधी सर्टिफिकेट विचारा, स्वभाव मग बघा.