मागच्या गेटचा गुलमोहर – रविवारचं काय ठरलं?

ए-302: नमस्कार, सकाळी सकाळी मेसेज टाकतेय, राग मानू नका. काल जिन्यात कळलं की रविवारी मागच्या गेटचा गुलमोहर आपली मुलंच कापणार, बी-404 कडे ऑनलाइन चेनसॉ, ती साखळीची करवत, आलीय म्हणे. खरं आहे का?

बी-404: हो ताई. पेट्रोलची आहे, एकदम नवी. व्हिडिओ बघितलेत सगळे. माणूस बोलावला तर तो मागच्यासारखे वाट्टेल ते पैसे सांगेल आणि फांद्या तिथेच टाकून जाईल.

सी-101: परवानगीचा कागद ग्रुपवर टाका.

सेक्रेटरी: झाड अर्धं वाळलंय. मागच्या पावसात गाडीवर फांदी पडली तेव्हा हेच सगळे ओरडत होते की कमिटी झोपलीय.

ए-104: गाडी माझी होती. काचेचे पैसे मीच भरले.

सेक्रेटरी: काका तो विषय एजीएमला संपला.

ए-104: संपला नाही, चहा आला म्हणून थांबला.

ए-302: झाड काढायचं तर काढा, माझं म्हणणं कोण काढणार एवढंच आहे. माझे वडील चिपळूणला लाकूडतोडीचे ठेके घ्यायचे, मी हे लहानपणापासून बघितलंय. साखळी ज्या पट्टीभोवती फिरते तिच्या टोकाची वरची बाजू लाकडाला टेकली की अख्खी मशीन उसळून तोंडावर येते, किकबॅक म्हणतात त्याला, हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला 20 मीटरच्या आसपास पळते. म्हणून दोन्ही हातांनी धरायची, खांद्याच्या वर न्यायची नाही आणि शिडीवर उभं राहून तर अजिबातच चालवायची नाही.

बी-404: शिडी मजबूत आहे, खाली दोघं धरतील. ॲल्युमिनियमची आहे.

बी-202: ॲल्युमिनियमची शिडी आणि वर महावितरणची वायर 👏

सी-303: वायरवरून आठवलं, बी विंगच्या जिन्यातला दिवा कधी लागणार?

सेक्रेटरी: नाना प्लीज. विषय झाडाचा आहे.

बी-404 आई: त्याला आधी हेल्मेट घालायला सांगा कुणीतरी, गाडीवर घालत नाही तो झाडाखाली काय घालणार.

बी-404: आई ग्रुपवर नको 🙏

बी-202: पुण्यात हेल्मेटचा विषय काढू नका काकू, रात्र होईल 😂

ए-302: हसा, पण हे वाचा. आपला गुलमोहर कंपाउंडकडे झुकलाय. झुकलेलं झाड मागून नुसतं कापत गेलं की बुंधा मधेच उभा चिरतो आणि चिरलेला भाग झटक्यात कापणाऱ्याच्या अंगावर येतो. वडिलांकडची माणसं आधी कोयत्याच्या पाठीने बुंधा ठोकून बघायची, आवाज पोकळ आला तर मशीन सुरूच करायची नाहीत. मग स्वतःची पळायची वाट साफ करायची, मागे तिरकी. पाडायच्या बाजूला खाच, मागून काप, आणि मधे बुंध्याच्या जाडीच्या साधारण दहावा भाग लाकूड शिल्लक, ते बिजागरीसारखं झाडाला वळवतं. ते पण कापलं गेलं की झाड कुठे जाईल सांगता येत नाही. आणि चहूबाजूंनी झाडाच्या दुप्पट उंचीएवढी जागा मोकळी लागते. आपल्याकडे मीटर रूम, पार्किंग आणि मुलांचा झोका आहे, कुठून आणणार जागा? असं झाड वरून दोर लावून तुकड्या-तुकड्याने उतरवतात, ते शिकलेल्या माणसाचंच काम आहे.

सी-101: परवानगीचा कागद अजून आलेला नाही. 1975 च्या कायद्याने शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, जागा खासगी असली तरी. तिसऱ्यांदा सांगतोय.

सेक्रेटरी: दोनदाच सांगितलंत साहेब.

ए-104: काचेला कुठला कायदा लागतो तेही सांगा.

बी-404: ठीक आहे. मी सोसायटीचे पैसे वाचवायला फुकट करत होतो, इथे गुन्हेगार झालो. मशीन परत करतो.

ए-302: अरे तसं नाही रे बाळा. तू पुढे आलास हे चांगलंच आहे, बाकी कोण येतं? मशीन ठेव, खाली उतरवलेल्या फांद्यांचे तुकडे करायला लागेल. पण गॉगल, कानाला मफ, जाड बूट आणि चेनसॉची पँट हवी. त्या पँटमधले लांब धागे साखळीत गुंतून साखळी थांबते. पँट घेतलीस का?

बी-404: जीन्स आहे ना.

ए-302: जीन्सने काही थांबत नाही.

बी-404 आई: मी सांगत होते.

सेक्रेटरी: रविवारचं रद्द. सोमवारी उद्यान विभागात अर्ज देतो, कापायला माणूस ताईंना विचारूनच बोलावू. तोवर मागच्या गेटला कुणी गाडी लावू नये, मुलांनाही तिकडे सोडू नका.

ए-104: मग माझी कुठे लावू?

सी-101: अर्जाची पोच ग्रुपवर टाका.