कुंद्याच्या दुकानासमोर जाहिरातीचा झेंडा: फेदर, टिअरड्रॉप की चौकोनी?

बावीस_फूट_दर्शनी
नमस्कार. बेळगावात खानापूर रोडला लागून कुंदा-करदंटाचं (मिठाईचं) दुकान आषाढाआधी सुरू करायचं आहे. दर्शनी बाजू २२ फूट. दुकान रस्त्याच्या कडेपासून १५ फूट आत. मधली जागा आपलीच आहे, अर्धी काँक्रीट, अर्धी मुरूम. शेजारचा पत्रा पुढं आल्यामुळं गावाकडून येणाऱ्याला पाटी अगदी जवळ आल्यावर दिसते, म्हणून दोन झेंडे उभे करायचेत. एक छपाईवाला फेदर (पिसासारखा उभा, अरुंद) घ्या म्हणतोय, दुसरा टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा). मजकूर असा: कन्नड आणि मराठीत 'कुंदा', दुकानाचं नाव, फोन नंबर, 'घरपोच सेवा' आणि वाटीतल्या कुंद्याचा फोटो. आकार कुठला, उंची किती आणि पावसात टिकेल का, एवढं विचारालोय.

कापड_आणि_शाई
दादा, आधी मजकूर कापा, आकार त्यातूनच ठरतो. १० फुटी फेदर जेमतेम सव्वादोन फूट रुंद असतो. पोलच्या बाजूची बाही आणि कडेची मोकळी जागा सोडली की छापायला २० इंच उरतात. त्यात मराठी 'कुंदा' बसवला तर अक्षर साधारण १० इंच उंच येतं. एक इंच अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं, या हिशेबानं ते १०० फुटांवरून वाचलं जाईल. ताशी ४० किलोमीटरनं गाडी सेकंदाला ३६ फूट जाते, म्हणजे चालवणाऱ्याच्या हातात तीन सेकंदसुद्धा नाहीत. तेवढ्यात एक शब्द डोक्यात शिरतो. फोन नंबर आणि घरपोच सेवा दुकानाच्या पाटीवर टाका.

आता कन्नड. कन्नडात अनुस्वार डोक्यावर बसत नाही, अक्षराशेजारी स्वतःची जागा घेऊन गोल बसतो. उकारही खाली न जाता बाजूला येतो. म्हणून तोच शब्द कन्नडात जास्त रुंद होतो आणि २० इंचांत बसवताना अक्षर लहान होतं. आधी कन्नड शब्द बसवा, मग मराठीचं माप घ्या. उलट केलं की डिझायनर शेवटी कन्नड अक्षर आडवं दाबून बसवतो, ते लांबून ओळखू येत नाही.

आणि इंग्रजीसारखं एकाखाली एक अक्षर रचायला देऊ नका. आपली शिरोरेषा तुटते, जोडाक्षर आलं तर विचारूच नका. शब्द आडवाच हवा. अख्खा शब्द ९० अंशात फिरवला तर गाडीतल्या माणसाला मान वाकडी करावी लागते.

टिअरड्रॉप वर रुंद आणि खाली निमुळता असतो. वरच्या भागात एकच चिन्ह किंवा एकच छोटा शब्द असेल तर तो उत्तम, कारण कापड ताणलेलं असतं, फडफडत नाही. तुमचे शब्द दोन लिपींत आहेत, दुसऱ्या ओळीला तिथं जागाच उरत नाही. म्हणून १० फुटी फेदर, खालची कड सरळ असलेला.

वारं_बघून_बोला
आकाराचं पटलं, पण वाऱ्याची दिशा कुणी बघत नाही. बेअरिंगवर, म्हणजे बेसच्या (बैठकीच्या) फिरत्या दांड्यावर बसवलेला झेंडा वाऱ्याबरोबर फिरतो. खानापूर रोड साधारण दक्षिणोत्तर आणि पावसाळी वारं पश्चिमेचं, म्हणजे कापड रस्त्याला आडवं पसरेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समोर दिसेल. हेच दुकान पूर्व-पश्चिम जाणाऱ्या संकेश्वर-गोकाक रस्त्यावर असतं तर कापड रस्त्याच्या रेषेतच लांबलं असतं, गाडीवाल्याला नुसती कड दिसली असती. तिथं न फिरणारा बेस घेऊन चौकोनी झेंडा घट्ट बसवावा लागतो, आणि मग वाऱ्याचा सगळा मार बेसवर येतो.

बेसमध्ये पैसे वाचवू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झेंड्यावरचा जोर चौपट होतो. चार पायांच्या घडीच्या बेसवर १० लिटर पाण्याची पिशवी ठेवली तर वजन पडतं १० किलो. उन्हाळ्यात ते चालेल, आषाढात १० फुटी फेदर आडवा होणार. काँक्रीटच्या बाजूला लोखंडी प्लेट चार अँकर बोल्टांनी पक्की करा. मुरमाच्या बाजूला स्पाइक (जमिनीत ठोकायचा टोकदार बेस) चालेल, पण आधी पहारीनं भोक पाडा. सरळ घण घातला तर वरचा बेअरिंगचा दांडा वाकतो, झेंडा फिरायचा थांबतो आणि कापड पोलला गुंडाळून बसतं. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत उलटा त्रास: स्पाइक सहज जातो आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर कलतो.

वरून विजेची तार जात असेल तर तिथं झेंडा नकोच. खालचे पोल ॲल्युमिनियमचे असतात. गाडी बाहेर काढताना रस्ता झाकला जाणार नाही, हेही बघा.

बावीस_फूट_दर्शनी
पाठीमागून अक्षरं उलटी दिसतात म्हणे. मग दुहेरी कापड घेऊ?

कापड_आणि_शाई
नको. दुहेरीत मध्ये अपारदर्शक थर घालावा लागतो. झेंडा जड होतो, हलक्या वाऱ्यात लोंबतो आणि भिजला की आणखी जड. साधारण ११० जीएसएम (चौरस मीटरला ११० ग्रॅम) विणीचं एकेरी पॉलिस्टर घ्या. दोन झेंडे आहेतच, तर एकाची पोलची बाही डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे करून मागा. त्याच वाऱ्यात एकाची सुलटी बाजू गावाकडून येणाऱ्याला दिसेल, दुसऱ्याची खानापूरकडून येणाऱ्याला. ऑर्डर देताना हे कागदावर काढूनच द्या, तोंडी सांगितलं की दोन्ही एकसारखे येतात.

शिवण_तपासा
दोन गोष्टी राहिल्या.

कायदा: व्यापारी फलकांवर ६० टक्के कन्नड हा कर्नाटक राज्याचा २०२४ चा कायदा आहे. झेंडाही फलकच धरला जाईल असं समजून आखणी करा, कन्नड वर आणि मोठं. फ्लेक्स, प्लास्टिक बॅनर आणि प्लास्टिकचे झेंडे यांवर राज्यात २०१६ पासून बंदी आहे, त्यामुळं कुणी स्वस्तात फ्लेक्सवर छापून देतो म्हणाला तर घेऊ नका. आपल्या जागेत लावणार असलात तरी कापडाचा नमुना घेऊन पालिकेत एकदा विचारून या. फूटपाथवर तर परवानगीशिवाय ठेवूच नका.

माल ताब्यात घेताना शेंड्याचा खिसा बोटानं चाचपा. फायबरग्लासचं टोक तिथंच भोक पाडून बाहेर येतं, म्हणून तिथं जाड कापड दुहेरी शिवलेलं हवं. मोकळ्या कडेला दोन शिवणी हव्यात. फाटायला सुरुवात खालच्या सुट्या कोपऱ्यातून होते. दोरे निघताना दिसले की त्याच दिवशी शिंप्याकडं न्या, इंचभर कापून दुमडता येतं. आठवडा थांबलात तर चीर अक्षरापर्यंत जाते.

दुकान बंद करताना झेंडा आत घ्या. ओला गुंडाळून पिशवीत कोंबला की काळे ठिपके पडतात, ते धुऊन जात नाहीत. पोलचे जोड पुसून ठेवा, मुरमाची धूळ आत गेली की ते अडकतात. फायबरग्लासची कूस हातात घुसते, तेव्हा हातमोजे घालूनच धरा.

आणि सांगाडे दोनच घ्या, कापडं मात्र चार छापून घ्या. एक जोडी वाळत असताना दुसरी बाहेर राहील.