कूलरला कुबट वास, एक ताटी कोरडी, आणि हात लावला की झिणझिण्या

पुण्याचा_पाहुणा:
गेल्या पावसाळ्यात बदली होऊन नागपूरला आलो, त्यामुळे हा इथला पहिलाच उन्हाळा. घरमालकांनी त्यांचा जुना लोखंडी कूलर वापरायला दिलाय, खिडकीबाहेर स्टँडवर आहे. आठवडाभर बरा चालला, आता चालू केला की पहिली दहा मिनिटं सडक्या मासळीसारखा वास येतो आणि हवा कोमटच. डावीकडची ताटी (बाजूचं पॅड, ज्यावरून पाणी झिरपतं) अर्धी कोरडी राहते. आणि काल पाणी भरताना पत्र्याला हात लागला तर हलक्या झिणझिण्या आल्या. पुण्यात फक्त एसीची जाळी धुवायची सवय, यातलं काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

वऱ्हाडी_ठेचा:
वास गेला खड्ड्यात भाऊ, पयले प्लग काढ न बाप्पा! झिणझिण्या म्हणजे पत्र्यात करंट उतरला हाय. बहुतेक वेळा पंपाची वायर नाही तर मोटरचं वाइंडिंग गेलेलं असते. पंप बाहेर काढून वायर पाह्य, कुठं टेप मारून जोड दिला असन तर पंपच बदल, दोन-तीनशेची वस्तू हाय, जिवापेक्षा महाग नाही. प्लग तीन पिनचाच पाहिजे आन् सॉकेटले खरंच अर्थिंग हाय का ते वायरमनकडून तपासून घे, जुन्या घरात तिसरं भोक नुसतं शोभेले असते. जमलं तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसव, करंट गळला की तो आपोआप लाइन तोडते. पाणी भरताना प्लग काढलेलाच पाहिजे, नुसतं बटन बंद करून भागत नाही.

खिडकीवाली_काकू:
वरच्यांचं आधी ऐक, मग सफाई. ताटी कोरडी राहते कारण वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजलीत, बोअरचं पाणी असेल तर महिनाभरात बुजतात, खिळ्याने एकेक मोकळं कर. आणि हवा कोमट येते तीही त्यामुळेच, फॅन जिथून सोपं तिथून हवा ओढतो, म्हणजे कोरड्या भागातून बाहेरची गरम हवा सरळ आत, मग बाकीच्या दोन ताट्या कितीही भिजू दे.
वास साचलेल्या पाण्याचा आणि रात्रभर ओल्या राहिलेल्या वूडवूलचा (ताटीत भरलेले लाकडाचे बारीक तंतू). मागच्या वर्षीच्याच ताट्या असतील तर सरळ नव्या भरून घे. कूलर बंद करायच्या आधी वीस मिनिटं पंप बंद ठेवून नुसता फॅन चालव, ताट्या सुकतात. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी, आणि नुसतं पाणी ओतून नाही हं, कडा ब्रशने घासायच्या, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. पाण्यात फिनाईल अजिबात टाकू नकोस, तीच हवा तुम्ही रात्रभर ओढणार आहात (आमच्या ह्यांनी एकदा टाकलं होतं, दोन दिवस घरात दवाखान्याचा वास).

उलटा_स्क्रू:
वूडवूलऐवजी हनीकॉम्ब (मधाच्या पोळ्यासारखं पॅड) लावा, दरवर्षीची कटकट नाही. फक्त घासू नका, पुठ्ठ्यासारखं असतं, सोलून निघतं. हलक्या धारेने धुवायचं.

खिडकीवाली_काकू:
हनीकॉम्ब टिकतं मान्य, पण बोअरच्या पाण्याने त्यातही दगड होतो. आणि वाळ्याच्या ताटीचा वास त्याला कुठला.

उलटा_स्क्रू:
काकू वाळ्याचा भाव बघितला का यंदाचा 😄

पुण्याचा_पाहुणा:
रविवारी सगळं खोललं. वऱ्हाडी भाऊ, तुम्ही म्हणालात तेच, पंपाच्या वायरला मध्ये जोड, वर काळी टेप, आणि तो जोड चक्क पाण्यात बुडालेला. सॉकेटला अर्थिंग नव्हतंच, वायरमनने नवीन ओढून दिलं. पन्हळीत बारा भोकं, त्यातली सात बंद. पंपाच्या जाळीत वूडवूलचा बोळा, पालीचं शेपूट (पाल सापडली नाही) आणि शर्टाचं एक बटण. नवा पंप, नव्या ताट्या, टाकी घासून वाळवून परत भरली. आता टेस्टर लावला तर पेटत नाही, तिन्ही ताट्या वरपासून भिजतात, काल रात्री चादर घ्यावी लागली. टाकीच्या तळाला मात्र गंज दिसतोय, डांबर मारायचं तर किती दिवस वाळू द्यायचं?

वऱ्हाडी_ठेचा:
दोन दिवस कडक उन्हात. पण आता नको मारू, मे महिन्यात दोन दिवस बिनाकूलरचं राहशीन काय? पावसाळा सरला की मार.