पिशवीची मागची बाजू वाचता का? कुत्र्याचं खाणं, घटक आणि हिशेब: तुमचे अनुभव लिहा

ब्रूनोची पिशवी संपली म्हणून दुकानात गेले. समोर वीस-बावीस पिशव्या, सगळ्यांवर ताजं मांस, हिरवी पानं आणि हसरा कुत्रा. किंमत मात्र एकीच्या तिप्पट दुसरीची. अर्धा तास उभी राहून शेवटी जुनीच उचलली. घरी येऊन चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली, तेव्हा लक्षात आलं की पाच वर्षं मी चित्रं बघून खरेदी करतेय. तुम्ही कसं निवडता? ब्रँडची नावं नकोत, पद्धत सांगा. फसला असाल तर तेही लिहा, बाकीच्यांचे पैसे वाचतील.

*

आयुष्य हिशेब लिहिण्यात गेलं, म्हणून पहिला नंबर माझा. किलोचा भाव बघू नका. माझ्यासमोर दोन पिशव्या होत्या. पहिलीत १०० ग्रॅमला ३२० किलोकॅलरी. दुसरी किलोमागे २५ टक्के महाग, पण १०० ग्रॅमला ४००. म्हणजे १००० किलोकॅलरीला पहिलीचे साधारण ३१२ ग्रॅम लागणार, दुसरीचे २५०. गुणाकार करून बघा, खर्च तंतोतंत सारखा! मी तीन वर्षं 'स्वस्त' पिशवी आणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

कुत्र्याला किती लागतं तेही काढता येतं. वजनाचा घन करा, त्याचं दोनदा वर्गमूळ काढा, ७० ने गुणा. २० किलोच्या कुत्र्याला येतात दिवसाला सुमारे ६६० किलोकॅलरी. ही नुसतं पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणतात, म्हणजे जवळपास १०६०. आमची राणी मुलखाची आळशी, तिला ९०० पुरतात. सूत्र फक्त सुरुवातीला धरायचं, पुढे वजनकाटा सांगेल तसं.

पिशवीवर कॅलरी छापलेल्या नसतील तर १०० मधून प्रथिनं, स्निग्धांश, ओलावा, तंतू आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करा. उरतात ती कर्बोदकं. मग प्रथिनं आणि कर्बोदकं प्रत्येकी ३.५ ने, स्निग्धांश ८.५ ने गुणून बेरीज. राखेचा आकडा नसेल तर मी ७ धरतो.

*

काका, वहीत उतरवून घेतलं. यात माझी एक भर.

डबाबंद ओल्या खाण्यावर प्रथिनं ९ टक्के लिहिलेली आणि कोरड्या दाण्यांवर २४. मी डबा निकृष्ट समजून परत ठेवला. नंतर एका मैत्रिणीने विचारलं, ओलावा किती होता? डब्यात ७८ टक्के, दाण्यांत १०. पाणी बाजूला काढलं तर डब्यात २२ पैकी ९, म्हणजे ४१ टक्के. दाण्यांत ९० पैकी २४, म्हणजे २७. चित्रच उलटं! (म्हणून डबा घेतला असं नाही. कॅलरीमागे तो इतका महाग पडला, की आता फक्त आजारपणात आणते.) अमेरिकेतल्या आफ्को या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या यादीत प्रौढ कुत्र्याला किमान १८ आणि पिल्लांना २२.५ टक्के प्रथिनं आहेत, तीही अशीच, पाणी वगळून मोजलेली.

घटकांच्या यादीतही पाण्याचीच गंमत. क्रम लागतो तो शिजवण्याआधीच्या वजनाने. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या वर पाणी, त्यामुळे ते ऐटीत पहिलं बसतं. वाळवून दळलेलं चिकन मील तिसऱ्या नंबरवर असलं तरी प्रत्यक्ष प्रथिनं तेच जास्त देत असतं. आणि मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लूटेन असे तीन तुकडे दिसले तर मी मनात एकत्र करून बघते. बऱ्याचदा मका पहिला येतो.

*

प्रथिनांच्या आकड्यावर फार विसंबू नका. तो नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणलेला असतो, त्यामुळे नायट्रोजन कुठून आला हे कळत नाही. २००७ साली ग्लूटेनमध्ये (धान्यातल्या प्रथिनात) मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन मिसळून हाच आकडा फुगवला होता आणि त्यापायी कितीतरी कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. मी कंपनीला मेल करून विचारतो, खाणं कुठल्या कारखान्यात बनतं आणि सूत्र ठरवणारा पशुपोषणतज्ज्ञ कोण. ज्यांनी नीट उत्तर दिलं त्यांच्यातच पुढे भाव बघितला.

*

घाईत आहे, एकच सांगते. नावातला 'विथ' वाचा. अमेरिकेत 'विथ चिकन' म्हणायला चिकन ३ टक्के असलं तरी चालतं, युरोपात ४. नुसतं 'चिकन फ्लेवर' असेल तर चव लागली की झालं!

*

मी धान्यविरहित खाण्याच्या नादी लागलो होतो. कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, त्याला धान्य कशाला, हे वाक्य मीच चार जणांना ऐकवलंय. खर्च दुप्पट झाला आणि कुत्रा होता तसाच. मग वाचायला बसलो. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज जनुकाच्या प्रती कुत्र्यांमध्ये लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. म्हणजे माणसाच्या ताटाशेजारी बसून बसून त्यांचं पोट आपल्या वळणाचं झालं. आणि माझ्या महागड्या पिशवीत धान्य नव्हतं, पण त्याच्या जागी वाटाणे, मसूर, बटाटा होताच. कर्बोदकं काढून बघितली तर जुन्या पिशवीएवढीच!

त्यात जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, जाहीर केलं, की अशा, डाळी-वाटाणे भरपूर असलेल्या खाण्याचा आणि हृदयाचा स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगण्याच्या आजाराचा संबंध ते तपासताहेत. कार्यकारणसंबंध काही सिद्ध झाला नाही. पण दुप्पट पैसे मोजून मी ही धास्ती कशासाठी विकत घेत होतो? परत तांदूळवाल्या पिशवीवर आलो.

*

माझा अनुभव लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते.

आमचं पिल्लू आलं तेव्हा मी ठरवलं, विकतचं काही द्यायचं नाही. रोज ताजं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, भात, थोडं गाजर. स्वच्छ, स्वस्त आणि आपल्या हातचं. ते आनंदाने खायचं, अंगावर तुकतुकी होती. चौथ्या महिन्यात पायऱ्या चढायला कुरकुर करू लागलं. मला वाटलं पाय मुरगळला असेल. मग एक दिवस सोफ्यावरून उतरताना ओरडलं आणि पाय टेकवेना. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट की डॉक्टर क्षणभर गप्पच बसले. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर हाडांतून ते ओढत राहतं. चार महिने मी प्रेमाने त्याच्या हाडांची पेज करत होते.

डॉक्टरांनी संतुलित पिल्लूखाद्य सुरू केलं आणि सहा आठवडे पिंजऱ्यात विश्रांती. आता ठीक आहे, पळतो. पण तो ओरडलेला आवाज डोक्यातून जात नाही. नंतर कळलं, की २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या अभ्यासात घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या होत्या, त्यातल्या ९५ टक्क्यांमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. घरचं देऊच नका असं मी म्हणत नाही. पण पशुपोषणतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या, आणि त्यातली पूरक पावडर महाग वाटली म्हणून वगळू नका. ती धरली, तर घरचं स्वस्त पडतंच असं नाही.

*

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. आमचं याच्या उलट. ग्रेट डेनच्या पिल्लाला संतुलित खाणं चालू असताना वर कॅल्शियमच्या गोळ्या देत होतो, हाडं दणकट व्हावीत म्हणून. डॉक्टरांनी ओरडून बंद केल्या. मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियमही बाधतं. आता पिशवीवर 'संपूर्ण व संतुलित' आणि कुठल्या वयासाठी ते आधी बघतो. वाक्य नसेल तर पिशवी खाली.

*

खाजेसाठी आम्ही वर्षभर दर महिन्याला पिशवी बदलली. प्रत्येक वेळी नवं नाव, आत तेच चिकन. शेवटी डॉक्टरांनी आठ आठवडे एकच, पूर्वी कधी न खाल्लेल्या मांसाचं खाणं दिलं. सातव्या आठवड्यात सासऱ्यांनी लाडाने बिस्किट चारलं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून! शेवटी खाजेचं कारण निघालं बीफ. वर्षभर चिकनवर संशय घेत होतो, आणि बीफ होतं ते दातांसाठी रोज देत असलेल्या काडीत. पिशवीसारखीच त्या काडीचीही यादी वाचा.

*

मोठं पोतं स्वस्त पडतं म्हणून आणलं. कुत्रा ८ किलोचा. तिसऱ्या महिन्यात त्याने तोंड फिरवलं, आम्ही नखरे म्हणून रागावलो. वास घेतला तर तेल खवट! आता उघडल्यापासून सहा आठवड्यांत संपेल तेवढीच पिशवी आणतो, आणि दाणे मूळ पिशवीतच, तोंड घट्ट मुडपून ठेवतो.

*

आमच्या म्हातारीची मूत्रपिंडं गेली आहेत. तिच्या पिशवीचा मी हिशेब करत नाही, डॉक्टर सांगतात ते आणते. एवढंच.

*

सगळ्यांचे आभार मानायला परत आले. काकांच्या सूत्राने ब्रूनोचा आकडा काढला आणि स्वयंपाकघरातला काटा काढून रोजची वाटी तोलली. १४० ग्रॅम समजून मी १९० घालत होते! वर येता-जाता खाऊ वेगळा. तो दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत हवा म्हणतात, आमच्याकडे पावपट होता. दोन महिने तोलून दिलं. बरगड्या आता हाताला लागतात आणि पिशवी दहा दिवस जास्त पुरते. ब्रँड न बदलताच खर्च उतरला.

तरी तुमच्या कसोट्यांना उतरलेली नवी पिशवी परवा उघडली. तीन भाग जुनं, एक भाग नवं, असं आठवडाभरात हळूहळू बदलायचंय. साहेब सध्या नवे दाणे तेवढे वेचून ओळीने जमिनीवर मांडून ठेवतात.