मंडळीच्या (चर्चच्या) वतीने रात्रीची रस्तासेवा सुरू करावी का? (भुसावळ)

प्रश्न : भुसावळकर
सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. लंडनमध्ये 2003 साली रेव्हरंड लेस आयझॅक यांनी ‘स्ट्रीट पास्टर्स’ हा उपक्रम सुरू केला. त्यात निरनिराळ्या चर्चचे प्रशिक्षित स्वयंसेवक प्रामुख्याने शुक्रवारी व शनिवारी रात्री दहाच्या सुमारास बाहेर पडतात आणि पहाटेपर्यंत रस्त्यांवर फिरून दारूच्या नशेत पडलेल्यांना पाणी देतात, अनवाणी चालणाऱ्या मुलींना चपला देतात, एकट्या पडलेल्यांजवळ थांबतात. आमच्या तरुण संघाला रेल्वे स्टेशनबाहेर व बसस्थानकाच्या परिसरात अशी सेवा करावीशी वाटते. मंडळीच्या पंचांना मात्र धर्मप्रसाराचा संशय घेतला जाईल अशी भीती वाटते, आणि मी मुलगी असल्यामुळे घरच्यांनाही काळजी आहे. कोणाला अशा सेवेचा अनुभव असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : धुळ्याहून
ताई, सेवा अवश्य सुरू करा, परंतु लंडनची रात्र आणि आपली रात्र वेगळी आहे हे आधी ध्यानात घ्या. तिथे पबमधून बाहेर पडणारी तरुण मंडळी भेटतात. आपल्याकडे सुरतेहून लेकराबाळांसह परतणारे मजूर, दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबे, दवाखान्यात रुग्ण असल्यामुळे बाहेरच पथारी टाकलेले नातेवाईक आणि घरातून निघून आलेली मुले भेटतात. थंडीत खानदेशात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो तेव्हा घोंगडी लागते, तर उन्हाळ्यात पाणी आणि ओआरएस पुरत नाही.

सर्वांत नाजूक बाब लहान मुलांची आहे. एकटे मूल सापडले तर त्याला घरी नेऊ नये आणि खाऊ देऊन पुढेही पाठवू नये. 1098 या बालमदत क्रमांकावर कळवावे, किंवा स्थानकाच्या हद्दीत असाल तर रेल्वे सुरक्षा दलाला सांगावे, कारण 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलाची माहिती 24 तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. मनोरुग्ण भटकताना दिसल्यास पोलीस ठाण्याला कळवावे. अशा व्यक्तीला संरक्षणात घेण्याची जबाबदारी 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकली आहे. अपघातग्रस्तासाठी 108. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात 2019 साली स्वतंत्र कलम आले आहे, त्यामुळे त्या भीतीने मागे हटू नका. आपण स्वतः किती मदत करतो यापेक्षा माणसाला योग्य हाती सोपवतो की नाही, यावरच ही सेवा उभी राहते, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर : नवापूरहून
पंचांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नियमातूनच द्यावे लागेल. लंडनच्या उपक्रमातही स्वयंसेवक रस्त्यावर उपदेश करत नाहीत. समोरच्याने विचारले तरच श्रद्धेविषयी बोलतात. आपण तर याहून कडक राहावे: पत्रके नकोत, पुस्तिका नकोत, मदतीच्या बदल्यात नाव-पत्ता मागणे नको आणि कोणाचेही छायाचित्र नको. आपण कोण आहोत हे मात्र लपवू नये. ओळखपत्रावर मंडळीचे नाव स्पष्ट असावे, कारण लपवाछपवीनेच संशय वाढतो.

तिथे आणखी एक सुंदर प्रथा आहे. पथक रस्त्यावर असताना काही जण एका जागी बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात आणि पथक फोनवरून त्यांच्या संपर्कात राहते. ज्यांना रात्री चालणे शक्य नाही अशा आपल्या मंडळीतील वडीलधाऱ्या आयाबायांना ही सेवा मनापासून आवडेल.

उत्तर : जळगावहून
घरच्यांच्या काळजीबद्दल लिहितो. पथक किमान चौघांचे असावे, त्यात दोन स्त्रिया असाव्यात, आणि रिक्षा बोलवायलासुद्धा कोणी एकट्याने जाऊ नये. भांडण दिसले तर मध्ये न पडता 112 वर फोन करावा. फलाट ही रेल्वेची हद्द असल्यामुळे स्टेशन व्यवस्थापकांच्या लेखी परवानगीशिवाय आत सेवा करू नका. बाहेरच्या परिसरासाठी शहर पोलीस ठाण्याला स्वयंसेवकांच्या नावांसह पत्र द्या. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आधी घ्या आणि मगच बाहेर पडा. महिन्यातून एकच रात्र ठरवली तरी चालेल, परंतु ती चुकवू नका, कारण रिक्षावाले, हमाल आणि चहावाले तुम्हाला ओळखू लागले की अडचणीतल्या माणसाची खबर तेच आणून देतील.

प्रश्नकर्ती : भुसावळकर
आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. पत्रके न वाटण्याचा नियम लेखी स्वरूपात पंचांपुढे ठेवणार आहे आणि पोलीस ठाण्याचे पत्र पाळकसाहेबांच्या सहीने जाईल. प्रार्थनेला बसण्यासाठी माझ्या आईने होकार दिला आहे.