एकटा ब्रायडन, मग बाकीचे सोळा हजार कुठायत?

कुंचला७७:
इंग्रज चित्रकार लेडी बटलरचं ‘रेम्नंट्स ऑफ ॲन आर्मी’ हे चित्र कोणी नीट बघितलंय का? मरायला टेकलेला घोडा, त्यावर कसाबसा बसलेला ब्रिटिश फौजेचा डॉ. ब्रायडन, आजूबाजूला ओसाड माळ, लांब जलालाबादचा किल्ला. पहिल्या अफगाण युद्धात काबूलहून माघार घेताना ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडाला, ती घटना जानेवारी १८४२ ची, चित्र १८७९ चं. एवढी नामुष्की ३७ वर्षांनी उकरून प्रदर्शनात कशाला लावायची?

पेठकर:
तारखेतच उत्तर आहे की. नोव्हेंबर १८७८ ला दुसरं अफगाण युद्ध सुरू झालं, पुढच्या वर्षी हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात, म्हणजे बघणारा पेपरात अफगाणिस्तानच्या बातम्या वाचूनच आलेला. त्यात बाईंचा नवरा आयरिश, लष्करात अधिकारी असून साम्राज्याच्या असल्या उद्योगांवर टीका करणारा. मला विचाराल तर चित्र दोन्हीकडून वाचता येतं, ‘परत तिकडे मरायला जाऊ नका’ असंही आणि ‘याचा बदला घ्या’ असंही.

गडभटक्या:
दोन्हीकडून म्हणजे इंग्रजांच्याच दोन्हीकडून ना 😄 काबूलहून निघालं साधारण साडेचार हजार सैन्य, त्यात गोरे जेमतेम सातशे, बाकी हिंदुस्थानी शिपाई, वर बारा हजार बाजारबुणगे बायकापोरांसकट. चित्रात त्यातलं कोणीच नाही. आणि ब्रायडन एकटाच वाचला हेही खरं नाही, ओलीस ठेवलेले गोरे नंतर सुटले, कित्येक शिपाई त्याच वर्षी काबूलला परत गेलेल्या फौजेला जिवंत सापडले. पानिपतात निदान खापर फोडायला तरी आपल्याला बाजारबुणगे आठवतात, इथे तेही नाही.

कुंचला७७:
पण गर्दी रंगवली असती तर तो एकटेपणा उरला असता का?

गडभटक्या:
नसता. पण एकटा कोण दाखवायचा हे ठरतंच ना कुठेतरी, रांगत येणारा पुरबिया शिपाई लंडनमध्ये कोणी भिंतीवर लावला असता?

कुलाबावाली:
नुसता रंगाचा प्रश्न नाहीये हा, हुद्द्याचाही आहे. कुलाब्याचं अफगाण चर्च त्याच युद्धातल्या मृतांचं स्मारक, तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरलीत आणि साध्या सैनिकांबद्दल एवढंच की ते इतके होते की नावं देता आली नाहीत. म्हणून तर बटलरबाईंचं १८७४ चं ‘द रोल कॉल’ मला जास्त धीट वाटतं, क्रिमियाच्या युद्धात बर्फात थकून उभे असलेले साधे शिपाई पुढे, घोड्यावर एकच अधिकारी. कमिशन, म्हणजे लष्करातलं अधिकारीपद, पैसे मोजून विकत घ्यायची पद्धत १८७१ लाच बंद झालेली, लष्करात शिपायाची किंमत काय यावर तिकडे वाद चालूच होता. चित्रासमोरची गर्दी आवरायला पोलीस ठेवावा लागला. अर्थात ते शिपाईही गोरेच.