नववीच्या मुलांना हवेच्या दाबाचा इतिहास प्रयोगातून कसा शिकवावा?

करवीर_विज्ञान:
नमस्कार. करवीर तालुक्यातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. यंदा विज्ञान मंडळात हवेच्या दाबाच्या शोधाचा इतिहास घ्यायचा आहे. ‘टॉरिसेली, १६४३, वायुदाबमापक’ एवढी ओळ पाठ करून मुलं मोकळी होतात, ते नको आहे. टॉरिसेलीने एका टोकाला बंद असलेली नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली होती. पारा शाळेत आणायचा नाही. पाण्यावर तोच प्रयोग होईल का? इमारत तीन मजली आहे, गच्चीच्या कठड्यापर्यंत ११ मीटर भरते. नळी कोणती घ्यावी, पाणी किती उंचीवर थांबेल आणि इतिहास कुठून सुरू करावा?

नळी_आणि_बादली:
मॅडम, जरूर होईल. पाऱ्याच्या आधी हा प्रयोग पाण्यावरच झाला होता. रोममध्ये गास्पारो बेर्ती यांनी १६४० च्या सुमारास घराच्या भिंतीला शिशाची उंच नळी लावून तो केला. तुमची गच्ची म्हणजे त्यांचीच भिंत समजा.

पारदर्शक, आत दोऱ्याची जाळी असलेली ब्रेडेड पीव्हीसी नळी घ्या, आतला व्यास १२ मिमी, लांबी १२ मीटर. बागेला पाणी घालायची साधी मऊ नळी घेऊ नका. वरच्या भागात दाब जवळपास शून्यावर येतो आणि ती पट्टीसारखी चपटी होते. वरच्या टोकाला छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवा, होजक्लिप आवळा, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा.

पाणी आदल्या दिवशी उकळून झाकून गार करा, म्हणजे त्यात विरघळलेली हवा बरीच निघून जाते. नळीत सुमारे १.४ लिटर मावतं, बादलीसकट १५ लिटर तयार ठेवा. नळीचं वेटोळं पाण्यात बुडवून पूर्ण भरा. टिचक्या मारून बुडबुडे काढा, पाण्याखालीच व्हॉल्व्ह बंद करा. खालचं टोक उघडंच ठेवून बादलीच्या तळाशी दगडाने दाबा. मग गच्चीवरून दोरीने वर ओढा. दोरी व्हॉल्व्हला बांधायची नाही, नळीला बांधायची, नाहीतर जोड सुटतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. इथला दाब ९५० हेक्टोपास्कलच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास, म्हणजे पाण्याचा ९.७ मीटर स्तंभ. त्यातून २८ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वजा करा, सुमारे ४० सेंमी. बादलीतल्या पाण्याच्या पातळीपासून ९.३ मीटरच्या जवळपास पाणी थांबेल. नळीचं टोक पुढे कितीही वर न्या, पाणी वर येत नाही. उलट वरच्या थरात बुडबुडे फुटू लागतात, गार पाणी उकळल्यासारखं दिसतं. मोजमाप पहिल्या पाच मिनिटांत उरका. नंतर सुटणारी हवा वर साठून पातळी खाली ढकलते.

वर खरोखर पोकळी आहे की हवा शिरली, याची परीक्षा सोपी आहे. टोक हळूहळू ९ मीटरखाली आणा. मोकळी जागा पूर्ण भरली तर ती पोकळीच होती. मोठा बुडबुडा राहिला तर जोड गळतो आहे.

काठावरचा_पंप:
मुलांना पंचगंगेच्या काठी उपशाच्या मोटारी दाखवा. हाच नियम तिथे रोज पाळावा लागतो. पंप पाणी खेचत नाही, नदीवर बसलेली हवा ते वर ढकलते. कागदावर ९.७ मीटर मिळतात. वाफेचे ४० सेंमी गेले, फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) आणि पाइपातल्या घर्षणात एक मीटर गेला, इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या पंख्याच्या) तोंडाशी दोन-तीन मीटर शिल्लक लागतात. हाती उरतात पाच-सहा. त्यापेक्षा वर पंप बसवला की आत खडी पडल्यासारखा खडखडाट होतो आणि इंपेलरला खड्डे पडतात. ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या सीलमधून) किंवा सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या, जोडातून थोडी हवा ओढली गेली तरी पंप पाणी सोडतो आणि पुन्हा प्रायमिंग करावं लागतं, म्हणजे पंप पाण्याने भरून घ्यावा लागतो.

उन्हाळ्यात पाणी खाली जातं म्हणून मोटार खाली बसवावी लागते आणि नदी चढू लागली की तीच धावपळ करून वर काढावी लागते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे आकडे मुलांना तोंडपाठ असतात. पुरात मोटारी का बुडतात, याच्या कारणात हवेचा दाबही आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

इतिहास_वाचक:
सुरुवात टॉरिसेलीपासून करू नका, अडलेल्या पाण्यापासून करा. १६३० मध्ये जेनोव्हाच्या बालियानी यांनी गॅलिलिओला पत्र लिहून विचारलं की सुमारे २१ मीटर उंच टेकडीवरून वक्रनलिकेने (सायफनने) पाणी नेतोय, ते का येत नाही? १६३८ च्या ग्रंथात गॅलिलिओने पंपाची मर्यादा १८ हात (तिथल्या मापाने सुमारे साडेदहा मीटर) सांगितली. कारण दिलं ते असं: लोंबता दोर फार लांब झाला की स्वतःच्या वजनाने तुटतो, तसा पाण्याचा स्तंभ तुटतो.

हे उत्तर मुलांसमोर ठेवा आणि खोडायला सांगा. इथे मी एक अख्खा तास देईन. बहुतेक मुलं म्हणतील, जाड नळी घेऊन बघू. त्याने काही ठरत नाही. जाड दोरही तेवढ्याच लांबीला तुटतो, कारण वजन आणि ताकद दोन्ही सारखीच वाढतात. गॅलिलिओचा तर्क चुकीचा होता, कच्चा नव्हता. मुलांना हे कळलं तर अर्धं काम झालं.

टॉरिसेलीचं त्याचे गणितज्ञ मित्र रिच्ची यांना लिहिलेलं पत्र ११ जून १६४४ चं आहे. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, हे त्यात आहे. पारा १३.६ पट जड म्हणून ती नळी हातात मावली. निर्णायक चाचणी १९ सप्टेंबर १६४८ ला झाली. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे फ्लोराँ पेरिये पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्युई द डोम डोंगरावर चढले आणि पारा सुमारे ८५ मिमी उतरला. दुसरी नळी खाली मठात ठेवून एका साधूला दिवसभर राखणीला बसवलं होतं. तिथला पारा हलला नाही. डोंगर चढल्याने पाण्याचा किंवा पाऱ्याचा दोर कमजोर का व्हावा, याला गॅलिलिओच्या तर्कात जागाच नाही.

करवीर_विज्ञान:
फार उपयोगी. एका मुलाने मोबाईलवर हवामान बघून १००९ हेक्टोपास्कल सांगितलं. मग पाणी १०.३ मीटर यायला हवं ना?

नळी_आणि_बादली:
तो आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, शाळेतला नाही. मोबाईलमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर त्याचा कच्चा आकडा दाखवणारं ॲप घ्या, ९५० च्या आसपास दिसेल. सगळ्या मोबाईलमध्ये हा सेन्सर नसतो, आधी तपासा.

पेरियेंचा प्रयोग पन्हाळ्यावर करा. सेन्सरचे दोन मोबाईल पायथ्याशी शेजारी ठेवून त्यांच्या आकड्यांतला फरक लिहून घ्या. मग एक पायथ्याशीच सोडून दुसरा तीन दरवाजापर्यंत न्या. दर १०० मीटरला दाब १०-११ हेक्टोपास्कलने उतरतो, पाऱ्यात ८ मिमी. खालच्या मुलांनी दर १५ मिनिटांनी नोंद करायचीच. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला दाब चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत दोन-तीन हेक्टोपास्कलने आपोआप उतरतो. पायथ्याची नोंद नसेल तर तो फरक डोंगराच्या खात्यात जातो आणि उंची २०-३० मीटरने चुकते.